पानमळ्यातला मुकुट

खुशालराव अडत्यांचं वजन एवढं, की ते टांग्यात चढले की घोडा मान वळवून एकदा मागं बघून घ्यायचा. त्या सकाळी अमरावतीला महादेवरावांच्या ओसरीवर ते चहा फुंकत बसले होते, तेवढ्यात एक बाई सरळ पायऱ्या चढून आली.

"बसा, बाई," महादेवराव म्हणाले.

"बसाले येळ नाई, भाऊ. उद्या माह्या पोराची जबानी हाय, अन् पोरगं कोठडीत."

महादेवराव विमा कंपनीसाठी अकोल्याच्या कापसाच्या जिनांना लागलेल्या आगी तपासत. आग लागली की लावली, हे राख हुंगून सांगत. एकदा तर राखेवरून त्यांनी काडीपेटीचा छाप ओळखला, असं खुशालराव शपथेवर सांगायचे. अर्थात खुशालरावांच्या शपथा हा वेगळा विषय आहे.

बाईचं नाव पार्बताबाई. अचलपूर रस्त्यावरच्या पानोरी गावात तिचा पानमळा. तीन वर्षांपूर्वी पानोरीच्या चौकीत सोनाजी नावाचा हमाल मेला. कागदावर 'पटकीनं मेला' असं लागलं. पण शेजारच्या कोठडीत, पाण्याच्या पाळीवरून मारामारी केली म्हणून, पार्बताबाईचा मुलगा सहदेव होता. सोनाजीला झालेली मारहाण त्यानं सगळी ऐकली होती. तेव्हापासून घर फुटलं तरी पानोरीचे लोक चौकीची पायरी चढत नसत. चोर एकदाच नेतो, म्हणत. आता सरकारनं ते प्रकरण पुन्हा उकरलं होतं आणि उद्या अमरावतीला चौकशी होती. साक्षीदार एकटा सहदेव.

"अन् आता म्हंतात, त्यानं देवीचा मुकुट चोरला! जत्रेत पालखीतून गेला, अन् आमच्या मळ्यात निंघाला. चोराची जबानी कोन ऐकन, भाऊ?"

महादेवरावांनी टोपी उचलली. खुशालरावांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

पानोरीचे फौजदार केशवराव नवे होते, वयानंही आणि चौकीतही. त्यांनी दोघांना मळ्यात नेलं. दाराशी पार्बताबाईनं पायताण काढलं. पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही, वेलीला ते सोसत नाही अशी समजूत. खुशालरावांनी मोठ्या कष्टानं वाकून जोडे काढले. केशवराव मात्र बुटांसकट आत शिरले. मागून आलेल्या नत्थुजी हवालदारानं बूट काढून कुंपणाशी ठेवले.

"इथं सापडला," केशवरावांनी वेल चढवलेल्या एका शेवरीच्या बुडाशी बोट दाखवलं. "वर वीतभर माती. मी स्वतःच्या हातानं काढला. हवालदार दारावर लोकांना अडवत होता, तो आत आलाच नाही."

"जागा कुणी सांगितली?"

"सहदेवनं कबूल केली. हवालदाराजवळ, कोठडीत."

"हं. आणि मुकुट कशात होता?"

केशवरावांनी पिशवीतून पांढरं फडकं काढलं. खळ घातलेलं, कडक. खुशालरावांनी ते हातात घेतलं तर कागदासारखं वाजलं.

"चिखलात पावलं होती. अनवाणी," केशवराव म्हणाले. "माझे लोक बूट घालतात. म्हणजे पावलं घरच्याच माणसाची."

"पार्बताबाई, पाणी कधी दिलं होतं?"

"झडतीच्या आदल्या दिशी. चांगलं पाटभर देल्लं. अन् एकेक येल पाहून घेतला. पोरगं तवाच कोठडीत होतं."

महादेवराव वेलीकडे बघत राहिले. शेवरीला वेल लव्हाळ्यानं बांधलेला होता. मग त्यांनी शेजारची शेवरी पाहिली, मग पुढची. "ही गाठ तुमच्या हातची?"

पार्बताबाई जवळ आली. "नाई जी. माह्या गाठीचा पेड असा फिरते, हा उलटा हाय. अन् झडतीपासून मले कोनी आत येऊ देल्लं नाई."

खुशालरावांना गाठीत काही दिसलं नाही. त्यांचा संशय एव्हाना देवस्थानाच्या वामनरावांवर बसला होता.

वामनराव देवळाच्या ओट्यावर भेटले. देवीला विडा देण्याचा मान पार्बताबाईच्या घराण्याचा. तो आपल्या भाच्याला मिळावा म्हणून ते झटत होते, ही गोष्ट त्यांनी लपवलीही नाही.

"सहदेव विडा घेऊन पालखीजवळ आला, अन् मुकुट गेला. आणखी काय पाहिजे?"

"पालखीजवळ आणखी कोण?"

"मी. भोई. अन् गर्दी रेटाले हवालदार."

"तुम्ही कधी पानमळ्यात राबलात?"

"मी?" वामनराव हसले. "मले पान फक्त खाता येते."

"हाच!" बाहेर येताच खुशालराव कुजबुजले.

मग शेजारचे शेषराव. विहिरीच्या पाळीवरून सहदेवची मारामारी झाली होती ती यांच्याशीच. ते आपल्या मळ्यात उभे होते, उजव्या अंगठ्यात लोखंडी नखी चढवलेली, आणि नखीनं टचाटच पानं खुडत होते. बोलता बोलता एक सुटलेला वेल त्यांनी त्याच हातानं बांधून टाकला.

"पोरगं तुरुंगात गेलं तं तुम्हांला पाणी जास्त मिळेल," महादेवराव म्हणाले.

"मिळन न! पन पाण्यासाठी देवीले चिखलात गाडाले मी काय येडा हाओ?"

"आता हाच," खुशालराव म्हणाले. "वामनराव नव्हे."

नत्थुजी हवालदार चौकीच्या सावलीत चंची उघडून बसला होता. डाव्या हातानं चुना लावून त्यानं खुशालरावांना पान दिलं, आणि त्याच हातानं चंचीची दोरी आवळली.

"गाव कोणतं, हवालदार?"

"अकोटाकडलं, साहेब."

"पानमळा होता?"

"बापाचा होता. आता काई नाई. काहून?"

"झडतीपूर्वी तुम्ही मळ्यात गेला होता?"

"पाय नाई ठेवला, साहेब. देवीची आन."

पान इतकं सुरेख जमलं होतं, की खुशालरावांनी हवालदाराला संशयितांतून वगळून टाकलं.

दुपारी महादेवरावांनी सगळ्यांना मळ्यात बोलावलं. कुंपणाबाहेर गाव गोळा झालं. हवालदाराला त्यांनी मुद्दाम एका शेवरीला टेकून उभं केलं, आणि कीर्तनकारासारखं लांबण लावलं.

"फौजदारसाहेब, पाणी दिलेल्या मळ्यात हे फडकं पुरलं होतं, तरी त्याची खळ शाबूत. म्हणजे ते पाणी दिल्यावर, झडतीच्या थोडं आधी पुरलं. तेव्हा सहदेव तुमच्याच कुलपात होता."

केशवराव फडक्याकडे बघू लागले.

"पुरताना धक्का लागून वेल सुटला. परका चोर तसाच टाकून पळाला असता. पण पानमळ्यात वाढलेल्या माणसाला सुटलेला वेल बघवत नाही. जीव मुठीत घेऊन आलेला असला तरी त्याचा हात आपोआप बांधतो. दाराशी बूटही तो आपोआप काढतो. म्हणून पावलं अनवाणी. वामनराव यातून सुटले. उरले दोघं. शेषराव उजव्या हातानं बांधतात, त्यांचा पेड पार्बताबाईसारखाच. खड्ड्यावरचा पेड उलटा. तो डावखुऱ्याचा." महादेवराव थांबले. "आणि खुशालराव, आता जरा हवालदारांच्या हाताकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. त्या शेवरीचा वेल महादेवरावांनी आधीच सोडून ठेवला होता. हवालदाराच्या डाव्या हातानं तो केव्हाच उचलून बांधला होता. बोटं अजून गाठीवर होती. पेड उलटा.

नत्थुजीनं हात झटकन मागं घेतला.

"पालखीजवळ गर्दी रेटणारा हाच होता," महादेवराव म्हणाले. "आणि सहदेवनं कबूल केलेली जागा ऐकणाराही एकटा हाच. सोनाजी मेला त्या रात्री पहारा कुणाचा होता, ते तुमच्या चौकीलाच विचारा."

केशवरावांचा चेहरा फडक्यासारखा झाला होता. "नत्थुजी?"

"साहेब, ते पोरगं उद्या बोललं असतं तं मी एकटा बुडलो नसतो. चौकीची इज्जत गेली असती. तुमचीबी."

"पट्टा काढ."

पट्टा जमिनीवर पडला. केशवराव तिथंच पंचनामा लिहायला बसले, आपल्याच हवालदाराविरुद्ध. लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "पंच पाहिजेत. दोन."

कुणी हललं नाही. वामनरावांना एकाएकी मंदिराची आठवण झाली.

शेवटी शेषराव पुढं आले. पण हात त्यांनी पाठीमागंच ठेवला.

"अगुदर पोराले आना, साहेब. कागद मंग."

"मी शब्द देतो."

"सोनाजीच्या येळी मागच्या फौजदारानंबी शबूद देल्ला होता. पोरगं आना."

केशवरावांनी कंबरेची किल्ली काढली. ती शिपायाच्या हाती न देता ते स्वतः चौकीकडे गेले. बऱ्याच वेळानं परतले, त्यांच्या खांद्याचा आधार घेत सहदेव लंगडत होता. पार्बताबाईनं त्याच्या पाठीवरून सदरा वर केला, बघितलं आणि पुन्हा खाली ओढला.

मग शेषरावांनी अंगठा उमटवला. त्यांच्यामागं आणखी एकजण उभा राहिला, आणि बघता बघता रांग लागली. केशवराव सांगत होते, दोन पुरे, दोन पुरे, कुणी ऐकेना.

खुशालराव डोळे पुसत म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो."

सहदेव आईच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. त्यानं सुजलेल्या ओठांनी फौजदारांनाच विचारलं, "साहेब, अमरावतीची मोटर सुटली काय?"