झोपाळ्याची कडी

मी मोटारीच्या कारखान्यात हादरे तपासते. एखादी वस्तू का हलते, हे मला कुणी शिकवायला नको. मामींचा झोपाळा मात्र आजही माझं डोकं खातो.

मामी म्हणजे चेन्नईत आमच्या वेलचेरीच्या घरमालकीण, त्रिपुरसुंदरीबाई. तंजावरकडच्या मराठी. त्या खाली, आम्ही तिघं वर. हॉलमधला सागवानी झोपाळा त्यांच्या यजमानांचा, गुंडोमामांचा. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. झोपाळ्याची कडी झिजलेली. रिकामा ढकलला तर गप्प, माणूस बसलं की करकरायची. मी शंभरदा म्हटलं, तेल घालते. मामी घालू देतील तर शप्पथ! माझी चार वर्षांची रेवा त्यावर बसायची तीही एका कडेला, अंग चोरून. काय ही थेरं, असं मी म्हणायची.

दोन हजार चारच्या डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी जमीन हलली. भांडी वाजली. रेवाला उचलून आम्ही खाली धावलो. मामींचा झोपाळा झुलत होता. हलणारच, थांबेल थोड्या वेळात, असं मी त्यांना समजावलंही. सगळं शांत झाल्यावर माझा नवरा अनय रेवाला घेऊन बेझंट नगरच्या समुद्रावर गेला. दर रविवारचा नेम, आणि मीच म्हटलं, जा, पोर घाबरलीय.

झोपाळा थांबला नाही. मी पंखा बंद केला, दारं लावली. उलट झोका वाढला आणि कडी करकरू लागली. मी तो धरायला गेले.

"नको धरूं गे," मामी म्हणाल्या. "जाऊं दे त्यांना."

करकर थांबली. झोपाळा हलतच होता, पण हलका.

"उतरले," मामी म्हणाल्या.

थोड्या वेळानं शेजारचे श्रीहरी धावत आले. समुद्र रस्त्यावर आलाय म्हणाले. अनयचा मोबाइल लागेना. मीच पाठवलं होतं. मामी माझा हात धरून बसून राहिल्या.

दुपारी अनय चालत आला. चिखलानं माखलेला, कडेवर रेवा. रडत रडत सांगत होता, लाटेनं पोर हातातून ओढून नेली. पाणी ओसरल्यावर दिसली ती एका उंच कठड्यावर. एका कडेला, अंग चोरून बसलेली. केस कोरडे.

मी तिला कवटाळलं. किती वेळ सोडलंच नाही.

"मामी, झोपाळ्यावरच्या आजोबांनी सांगितलंय," रेवा म्हणाली, "येतो."

"सरी, बरं," मामी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर झोपाळा मुकाच होता. मामी येता-जाता त्याच्याकडे बघायच्या. मीही बघायची, आणि लाज सोडून सांगते, मामांची वाट बघायची.

पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सकाळी आम्ही सगळे मामींच्या स्वयंपाकघरात होतो. शकुनाचं दूध उतू जायची वाट बघत. रेवा माझ्या मांडीवर.

हॉलमध्ये कडी करकरली.

मामींनी दुधावरची नजर काढली नाही.

"पाय पुसले का?" एवढंच विचारलं.

त्या रविवारनंतर आमच्यापैकी कुणी समुद्राकडे फिरकलं नव्हतं. दारातलं पायपुसणं दुपारी मीच झटकलं. बारीक, ओली वाळू निघाली.