भाच्याचे पाय

केयूरने पाय मागे ओढला आणि पितळी परात कलंडली... कुंकू कालवलेले पाणी वामनरावांच्या कोऱ्या रेशमी उपरण्यावर सांडले, आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या भरल्या मंगल कार्यालयात एकाएकी अशी शांतता पसरली, की पाठोपाठ उमटलेला प्रेमलतेच्या हाताचा आवाज अगदी शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचला. पंधरा वर्षांच्या पोटच्या पोराच्या तोंडात तिने मारली होती... सगळ्या गणगोतासमोर!

मामाने भाच्याचे पाय धुवावेत, त्यांवर डोके टेकवावे, ही या मुलखाची जुनी रीत. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय नि एक भाचा पुजला काय, पुण्य सारखेच, असे इथे म्हणतात. पुण्याचा इतका स्वस्त सौदा दुसरीकडे क्वचितच होत असेल. आज प्रेमलतेच्या थोरल्या भावाची, वामनरावांची, एकसष्टी होती. एवढा मोठा माणूस स्वतःच्या सत्काराच्या दिवशी खाली बसून भाच्याचे पाय धुतो, हे पाहून मंडळींचे डोळे आधीच पाणावले होते. आणि त्या नतद्रष्ट पोराने त्या हातांना लाथाडले!

“मारू नको वं प्रेमा,” उपरण्याचे टोक पिळत वामनराव म्हणाले. त्यांच्या स्वरात क्रोधाचा लवलेशही नव्हता. “पोट्टा आहे. या वयात रग असतेच. नववीची परीक्षा झाली ना त्याची? सुट्टीभर राहू दे माझ्याकडे. मी आणतो त्याले वळणावर.”

सभागृह गहिवरले. प्रेमलतेचा नवरा मुकुंद, सदर भागातल्या एका कचेरीतला अधीक्षक, हात जोडून म्हणाला, “दादा, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.”

उपकार खरेच होते. खाप्याला, गावी, वडील वारले तेव्हा वामनराव अवघ्या बाविशीत होते. दोन धाकट्या बहिणींना घेऊन ते नागपूरला आले, शाळेत गणित शिकवू लागले, सुमतीला शिकवले, प्रेमलतेला शिकवले, दोघींना उजवले, आणि स्वतः मात्र बोहल्यावर चढले नाहीत. ‘दादाचा त्याग’ हे शब्द त्या कुटुंबात देवाच्या नावासारखे घेतले जात. त्यागी माणसाची एक सोय असते : त्याच्या हातांकडे कोणी पाहत नाही, सगळे त्याच्या पायांकडे पाहत असतात.

घरी आल्याबरोबर प्रेमलतेने केयूरची बॅग काढली. रागारागाने ती तिच्यात कपडे कोंबू लागली. केयूर दारात येऊन उभा राहिला; गालावर बोटे अजून लाल उमटलेली.

“आई, बॅग नको भरू.”

“काहून? अजून बोलायला तोंड आहे तुला?”

“मले अजून मार. बाबांना बोलाव, त्यांनाही मारू दे. पण बॅग नको भरू.”

ती गर्रकन वळली. त्या आवाजात उद्धटपणा असता तर तिने दुसऱ्यांदा हात उचलला असता. पण तिथे काहीच नव्हते... फार दिवसांच्या आजाऱ्याचा असावा तसा तो कोरडा, थकलेला स्वर!

“भर कार्यालयात लाथ मारलीस तू. अरे, एवढे मामा पाया पडत होते तुझ्या!”

“माहीत आहे.” तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “घरी पण ते तिथूनच सुरू करतात. म्हणतात, भाचा म्हणजे देव. मग दार लावून घेतात.”

पुढचे त्याला सांगता आले नाही. तशी गरजही उरली नव्हती.

प्रेमलता बॅग सोडून पलंगावर बसली. दोन वर्षे हा मुलगा दर रविवारी गणितासाठी मामाकडे जात होता... तिनेच पाठवला होता! मे महिन्यात, जेव्हा नागपुरात अंगावरचे कातडेही नको वाटते, तेव्हा हा एकावर एक दोन शर्ट घालू लागला; घर म्हणाले, नवीन फॅशन. खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर झोपू लागला. घर म्हणाले, मोबाइल बघत असेल. कबड्डी सुटली, मित्र सुटले, गणितातच नापास झाला. प्रत्येक वेळी या सुशिक्षित, सुसंस्कृत, वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचणाऱ्या घराने एकच औषध काढले : मामाकडे जास्त वेळ पाठवा. दुखणे जिथून येत होते, तिथेच त्याला उपचारासाठी धाडले जात होते, आणि वर त्यालाच कृतघ्न म्हटले जात होते!

तिने त्याला जवळ घ्यायला हात पुढे केले. तो एक पाऊल मागे सरकला. तिचे हात तसेच थांबले, मग हळूहळू मांडीवर आले.

“केयूर... तुझं काही चुकलं नाही बाळा. काहीच नाही. चुकलं ते माझं.”

त्याने प्रथमच मान वर केली. “तुझा... विश्वास बसून राहिला माझ्यावर?”

त्या प्रश्नातल्या आश्चर्याने तिचे काळीज विदीर्ण झाले. आईने आपल्यावर विश्वास ठेवावा, याचे या मुलाला नवल वाटत होते!

मुकुंदला हे सांगितले तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. मग फाइलवर शेरा मारावा तसा म्हणाला, “मुलगाच आहे ना गं तो! मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळी होती?”

“आणि एवढा साडेपाच फुटांचा पोट्टा, त्याला ओरडता नाही आलं? ढकलता नाही आलं?”

“सुरू झालं तेव्हा तेरा वर्षांचा होता तो. आज ढकललं त्यानं. तेव्हा मी त्याच्या तोंडात मारली, आणि तुम्ही हात जोडले.”

“हळू बोल! उद्या त्याचं लग्न व्हायचंय. कोण मुलगी देईल याला?” मुकुंदने आवाज खाली आणला होता, पण भिंत पातळ होती, आणि भिंतीपलीकडे तो मुलगा जागा होता.

सकाळी प्रेमलता केयूरला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी केयूरशी एकट्याशी बोलून झाल्यावर तिला एवढेच सांगितले : आधी का नाही सांगितलंस, असे त्याला कधीही विचारू नका, आणि पोलिसांना कळवायचे की नाही हे आता माझ्याही हातात नाही, तुमच्याही नाही, कळवावेच लागते, कायदाच आहे तसा. प्रेमलतेने तिथूनच पोलिसांत तक्रार दिली आणि मुकुंदला फोनवर तसे सांगितले.

परत येते तो थोरली बहीण सुमतीताई घरात येऊन बसलेली. मुकुंदने बोलावले होते. केयूर आपल्या खोलीत गेला.

“लाज नाही वाटत तुले प्रेमा?” सुमतीताई उसळलीच. “आपल्यासाठी दादानं संसार केला नाही! उपाशी राहून आपल्याले जेवू घातलं! पोट्टं काहीतरी बरळलं, आणि तू त्या देवमाणसावर पोलीस घालतेस?”

“ताई, एक विचारू?” प्रेमलता शांतपणे म्हणाली. “तुझा अर्णव दहा वर्षांत नागपूरला काहून नाही आला?”

“आधी शिक्षण होतं, आता नोकरी आहे त्याले पुण्यात! सुट्टी भेटत नाही!”

“दहा वर्षांपूर्वी तो दहावीत होता. तोही गणिताला दादाकडेच जायचा.”

सुमतीताईचा चेहरा असा काही बदलला, की प्रेमलताच भ्याली. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती पुढेमागे झुलू लागली... आणि मग तिच्या छातीतून जो हुंदका फुटला, तो दहा वर्षे कोंडलेला होता!

“सांगितलं होतं वं त्यानं मले... सांगितलं होतं! मी म्हटलं, ज्या मामानं तुह्या मायले वाढवलं, त्याच्याबद्दल असं बोलताना जीभ झडत नाही तुही? अन् दुसऱ्या दिवशी... दुसऱ्या दिवशी मीच डबा भरून दिला, अन् पाठवलं त्याले...”

प्रेमलतेने बहिणीचे डोके छातीशी धरले. सांत्वनाचा कुठलाही शब्द खोटा ठरला असता.

तेवढ्यात बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर वामनराव उभे होते, हातात संत्रा बर्फीचा डबा. प्रेमलतेने आतले दार उघडले. जाळीचे उघडले नाही.

“मुकुंदरावांनी फोन केला होता,” ते म्हणाले. आवाज मृदू, दुखावलेला. “प्रेमा, तू सात वर्षांची होतीस. तापानं फणफणली होतीस. खाप्याहून सावनेरच्या दवाखान्यापर्यंत तुले खांद्यावर घेऊन चालत गेलो मी, आठवते का?”

आठवत होते... त्या खांद्याचा घामट वास, वाटेत सांगितलेल्या गोष्टी, सारे आठवत होते! हेच तर क्रौर्य होते. तो प्रसंग खोटा असता तर किती सोपे झाले असते!

“आठवतं दादा. तुम्ही आमच्यासाठी केलं त्यातलं काहीच खोटं नाही.” तिच्या गालांवरून धारा वाहत होत्या, पण शब्द अडखळत नव्हता. “अन् म्हणूनच या घरात पोरांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आमची कृतज्ञता तुम्ही आमच्या लेकरांकडून वसूल केली.”

वामनरावांच्या चेहऱ्यावरचे दुखावलेपण पुसले गेले. फळ्यावरचे गणित पुसावे तितक्या सहज. “बरं. मग सांग लोकाले,” ते म्हणाले. “एका नापास पोट्ट्याचं कोण ऐकते, पाहू.”

“दोघांचं ऐकतील,” प्रेमलतेच्या मागून आवाज आला. भिंतीला धरून सुमतीताई उभी होती. “मी अर्णवले फोन करतो दादा. तो बोलायचं म्हणाला तर बोलन. नाही म्हणाला तर मी बोलन. मले त्यानं सांगितलं होतं.”

वामनरावांनी एकदा थोरलीकडे पाहिले, एकदा धाकटीकडे. ते जिना उतरून गेले. मुकुंद खोलीतून बाहेर आला नाही. दूरदर्शन संचाचा आवाज मात्र त्याने वाढवला.

दुपारी साध्या पंजाबी पोशाखात एक पोलीस अधिकारी बाई घरी आल्या. जबाब इथेच, मुलाला बरे वाटेल तिथे घेऊ, म्हणाल्या. प्रेमलता केयूरच्या शेजारी बसू लागली.

“आई, तू बाहेर बस,” केयूर म्हणाला. “तू ऐकून राहिलीस तर मले नाही बोलता येणार. सुरुचीताई बसेल.”

सुरुची त्याची चुलत बहीण, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली. सकाळी त्यानेच तिला निरोप पाठवून बोलावून घेतले होते. ज्या आईने त्याला नऊ महिने वाहिले, तिला आता त्याच्या वेदनेच्या उंबरठ्याबाहेर बसायचे होते! प्रेमलतेच्या ओठांवर विनवणी आली. ती तिने गिळली, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. मुलासाठी आईने काय काय करावे, याच्या कहाण्या तिने जन्मभर ऐकल्या होत्या. न ऐकता बसणे, हे त्यांतल्या एकीतही नव्हते.

फार वेळाने केयूर आत आला. माठातले पाणी प्याला. मग विचारले, “मामाले पकडतील?”

“हो.”

“तू रडशील?”

खोटे बोलणे सोपे होते. त्याला फसवणारी माणसे त्याच्या आयुष्यात पुरेशी होऊन गेली होती.

“रडीन,” ती म्हणाली. “मला वाढवलंय त्यांनी. पण ते रडणं माझं. त्याचं ओझं तू घ्यायचं नाही.”

“मग तक्रार मागे घेशील?”

“नाही.”

त्याने मान हलवली. मग तिच्या स्टुलाशेजारी, भिंतीला टेकून, तो जमिनीवर बसला. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून. प्रेमलतेने ते अंतर तसेच राहू दिले, आणि ती त्याच्याबरोबर बसून राहिली.