टायरवरचा चहा

दरवर्षी आजोबांच्या तिथीला दुपारी चारला सुशीलाआजी त्यांच्या फोटोपुढे कपभर चहा ठेवायची, दार लोटायची आणि बाहेर बसायची. दहा मिनिटांत कप रिकामा!

"येऊन गेले वं," म्हणत आजी खूश. आजीपेक्षा नात सृष्टी खूश. कारण मागच्या गॅलरीतल्या खिडकीतून घुसून चहा तीच ढोसायची. सहा वर्षं, एकदाही सापडली नव्हती.

बद्रीनाथ आजोबा वाशीमचे. हडपसरला येऊन ट्रक चालवला, मग कुवेतला गेले. लढाई पेटली आणि त्यांना पाण्याचा टँकर देऊन इराकात धाडलं. सतरा गाड्यांची रांग, कुणासाठी थांबायचं नाही. एका सकाळी घाईत बिनचहाचेच निघाले... घरी आली ती पेटी.

यंदा मात्र विषय खोल होता. सृष्टीच्या आईनं, भाग्यश्रीनं, टेम्पो घेतला होता. आज पहिली फेरी. पण किल्ली आजीच्या कमरेला.

"तुह्या बापानं चहा घेतला तरच किल्ली देईन, भाग्ये. नाही तं टेम्पो विकून टाक."

आई खाली टेम्पोत जाऊन बसली. सृष्टी मागच्या गॅलरीत पळाली, आणि बोंबला! घरमालकानं कालच खिडकीला जाळी ठोकलेली.

जाळीला नाक लावून ती बघत राहिली. कप काठोकाठ. वाफ सरळ वर चाललेली. पंखा बंद. हळूहळू डिझेलचा वास आला, तापलेल्या धुळीचा आला... आणि वाफ वाकडी झाली. कुणी फुंकर मारावी तशी.

सृष्टी धूम पुढच्या दाराशी. आजीनं दार ढकललं. कप रिकामा.

"आजी... मी नाही प्यायले. आईशप्पथ!"

"दरसाली तं तूच पेत होतीस."

"तुला माहीत होतं?"

"यायनं पयला घोट कधी पेला नाही. आधी गाडीच्या टायरवर ओतत, मंग पेत. मी दरसाली खाली जाऊन पाहो. उभ्या गाड्यांचे सारे टायर कोरडेठाक. समजली, आमचं माकडच पेऊन गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुले मजा येत होती. मलेही."

दोघी खाली आल्या. टेम्पोचा पुढचा टायर ओला. आल्याचा वास.

"आई, इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी इथेच बसलेय ना!"

आजीनं किल्ली काढून दिली. "जाय वं. सांभाळून."

हॉर्न मारत टेम्पो निघाला. त्याच्या जागेपुढे उभ्या रिक्षाचाही टायर ओला होता. पुढच्या बाइकचाही. सृष्टी गाड्या मोजत गेली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता. सतरावा.

"आजी... कप तर एवढुसा होता ना गं?"

मागोमाग आलेल्या आजीनं टँकरकडे बोट दाखवलं. टँकरच्या टायरवरून चहा अजून ओघळत होता. सृष्टीनं बोट लावलं.

चटका बसला.