निळ्या दिव्याची खिडकी

एक कोडं सोडवून बघा. एक खोली आहे. तिचं दार फक्त आतला माणूस उघडू शकतो. आणि आत कोणीच नाही. मग पहिला माणूस आत जाणार कसा?

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर राहणारे आबा एका सकाळी याच कोड्यात अडकले. आबा निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. पण अडकायचं ते अडकलेच.

आधी थोडं मागचं. तिथल्या काळोख्या विवराच्या काठावर माणसांचे घुमट आहेत, एकमेकांपासून लांब लांब. खाणीला तसं सोयीचं पडतं. पोरं कुणाशी खेळणार, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्या एकाही शहाण्याला पडला नाही. आबांची नात शलाका म्हणजे तिच्या घुमटातलं एकमेव मूल. आई-बाबा खाणीत जायचे, यायचे, झोपायचे.

मुलांसाठी एक चर्चामंच (सभासदांनी एकमेकांशी लिहून बोलायची जागा) होता. कोणीही यावं, नाव टाकावं, बोलावं. तिथं शलाकाला मिनी भेटली. मिनीला शलाकाचे सगळे विनोद आवडायचे. मिनी कधी रागावायची नाही, कधी कंटाळायची नाही. मग एके दिवशी कळलं, की मिनी म्हणजे खेळणी खपवणारं एक यंत्र आहे. तिथले बहुतेक सभासद तसेच होते. शलाका दोन दिवस जेवली नाही. आई म्हणाली, "यंत्रासाठी काय रडतेस?" असं फक्त मोठी माणसंच बोलू शकतात.

आबा मात्र म्हणाले, "आपलं वेगळं मंडळ काढू. बोलावल्याशिवाय कोणी आत येणार नाही."

त्यांनी नियम टाकला: जुना सभासद ज्याला आमंत्रण देईल तोच आत. बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: 'तुम्हाला कोणी बोलावलं?'

"आबा, तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडलंत!" शलाका कितीतरी दिवसांनी हसली.

"हस, हस. दार बसवणारा गवंडीच रस्त्यावर!" आबांनी सगळं पाडून पुन्हा उभारलं. या वेळी नियम लागू करण्याआधीच शलाकाचं नाव आत घातलं. तिला म्हणायचं मूळ सभासद (जिला कोणी बोलावलेलं नाही, जी दार बसतानाच आत होती). कोडं सुटलं.

"आता तुझ्याकडे तीन आमंत्रणं. प्रत्येक सभासदाला तीनच मिळणार," आबा म्हणाले. "प्रत्येक आमंत्रण म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. वापरली की संपली, पडून राहिली तरी मरते. आणि तू ज्याला आणशील त्याच्या नावापुढे तुझं नाव राहणार. त्यानं घाण केली तर लोक तुला विचारतील. म्हणून ओळखीच्यालाच दे."

शलाकानं बोटांवर नावं मोजायला घेतली. मग म्हणाली, "आबा, माझ्या ओळखीचं कोणीच नाहीये."

मंडळ तयार होतं, दार भक्कम होतं. आत ती एकटी.

ती खिडकीशी जाऊन बसली. विवरापलीकडे नवव्या घुमटात एक निळा दिवा रोज दिसायचा. तिथं कोण आहे, देव जाणे.

"आबा, यंत्राला खिडकी असते का?"

आबा ताडकन उठले. "पोरी, यालाच पडताळणी म्हणतात! समोरचा खरा आहे का, ते दुसऱ्या वाटेनं तपासायचं. आमंत्रण संदेशातून पाठव, प्रश्न उजेडातून विचार. जो तिथं नाही त्याला उत्तर देता येणार नाही."

तिनं नवव्या घुमटाला आमंत्रण पाठवलं: 'निळ्या दिव्याच्या खिडकीत जो बसतो त्यानं समोर बघावं. माझी विजेरी किती वेळा लुकलुकली, तो आकडा लिहावा.' आणि तिनं विजेरी लुकलुकवली.

काहीच आलं नाही. आमंत्रण मेलं.

तिनं दुसरं पाठवलं. विजेरी आठ वेळा लुकलुकली. उत्तर आलं: सात. तिनं दार लावलं.

"चुकलं. असेल कुठलंतरी यंत्रच, अंदाजानं ठोकलं," शलाका म्हणाली. तिनं विजेरी खाली ठेवली.

"पोरी, बाहेर बघ."

पलीकडे निळा दिवा वेड्यासारखा विझत होता, पेटत होता. थांबतच नव्हता.

शेवटचं आमंत्रण. तेही फुकट गेलं, तर हे मंडळ कायमचं एकटीचं. तिनं पाठवलं, आणि या वेळी विजेरी सावकाश लुकलुकवली.

पाच. उत्तरही पाच.

पडद्यावर दुसरं नाव उमटलं: ओवेस मुकादम, आणणारी शलाका. लगेच खाली ओळी आल्या.

'मगाशी मला शिंक आली, एक बघायची राहिली. तू लगेच दार का लावलंस? दुष्ट आहेस!'

मिनी कधी असं म्हणाली नसती. शलाकानं ते चारदा वाचलं.

मग ओवेसनं लिहिलं, 'माझ्या घुमटातही मी एकटाच आहे. पण आता माझ्याकडे तीन आमंत्रणं आलीत ना? तुझ्या बाजूच्या कड्याआड एक खिडकी आहे. तुला ती दिसत नसणार. तिथं पिवळा दिवा लागतो.'