दमाची पट्टी

शिशाच्या जुन्या बॅटऱ्या काढण्याचं काम मला मनापासून नकोसं वाटतं. एक उचलली की कंबर दिवसभर आठवण देत राहते आणि टोकांवर साचलेला हिरवट क्षार बोटांना चिकटतो तो वेगळाच. ताईच्या ट्रेलरमधल्या दोन्ही बॅटऱ्या तशाच होत्या. भावजींनी आणि मी त्या पुढच्या पेटीतून ओढून काढल्या, माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर ठेवल्या आणि दोघंही कमरेवर हात ठेवून उभे राहिलो.

"चला, शेपटाला नवं काळीज बसवा आता," भावजी म्हणाले.

गाडीमागे ओढायच्या त्या घराला ते शेपूट म्हणतात. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली, निवृत्त झाले आणि लगेच हे शेपूट घेऊन दारात हजर. आत एक पलंग, भिंतीला टेकून बाक, दोन शेगड्यांचा ओटा, अंग चोरून उभं राहावं एवढी न्हाणी आणि खिडक्यांना ताईने स्वतः शिवलेले पिवळे पडदे. ताईला समुद्र बघायचा होता, डोंगर बघायचे होते. डॉक्टरांनी एकच अट घातली होती. तिची फुफ्फुसं दम्याने पार थकली आहेत, तेव्हा झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागेलच आणि ते मध्येच बंद पडता कामा नये. पहिल्याच फेरीत जुन्या बॅटऱ्यांनी पहाटे मान टाकली. भावजी लेंग्यावरच धावत जाऊन गाडी सुरू करून बसले, तेव्हा कुठे मशीन पुन्हा चालू झालं. त्यानंतर ते सरळ माझ्याकडे आले. आले नसते तर मी भांडले असते. बहिणीच्या श्वासाचं काम परक्याच्या हातात द्यायला मी काही वेडी नाही.

लिथियमची बॅटरी निम्म्याहून हलकी असते. पण फक्त जुनी काढून नवी ठेवली, असं करून चालत नाही. जुना चार्जर तिला मानवत नाही, तो बदलावा लागतो. गाडीकडून येणारी तार थेट जोडता येत नाही, मध्ये वेगळं यंत्र बसवावं लागतं. ती थंडीत गोठली असेल तर चार्ज करायची नाही. आणि तिच्या आत एक राखणदार सर्किट असतं. बॅटरी फार रिकामी झाली की ते कुणाला न विचारता पुरवठा तोडून टाकतं. हे सगळं मी ताईला समजावत होते आणि ती बाकावर बसून मटार सोलत "हं, हं" करत होती.

"तुला कळतंय का काही?"

"ठिणगे, मला एवढंच सांग, कुठे बघायचं?"

ठिणगी हे माझं लहानपणचं नाव. ते तिनेच ठेवलंय आणि मी विजेच्या धंद्यात पडण्याच्या कितीतरी आधी.

मी तिला पलंगाजवळच्या भिंतीवर बसवलेला मीटर दाखवला. बॅटरीत किती टक्के उरलंय ते तो सांगतो. पण त्यावरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला, मार्करने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि आकड्याच्या वर चिकटवला: दम.

आमच्या धंद्यात असंच बोलतात. या बॅटरीत दम आहे, त्या बॅटरीत दम राहिला नाही, जरा दम काढून बघ. मला लिहिताना काही वावगं वाटलं नाही. ताई मात्र हसली, हसता हसता खोकली आणि म्हणाली, "बघू, माझ्यापेक्षा जास्त आहे का तिच्यात."

मी मीटरकडे पाहिलं. मघाशी तो शंभर दाखवत होता. आता साठ दाखवत होता.

नव्या कोऱ्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीत साठ? आत एक दिवासुद्धा चालू नव्हता. माझंच काहीतरी सेटिंग चुकलं असणार, म्हणून मी निमूटपणे चार्जर लावला. आकडा हळूहळू वर चढला. दुपारी तो शंभरावर आला तेव्हा ताई ट्रेलर झाडत होती. सबंध ट्रेलर, बाकाखालून, पलंगाखालून, मध्ये एकदाही न बसता. भावजी दारात उभं राहून नुसते बघत होते.

"काय खाल्लंस गं आज?"

"तुमचं डोकं," ती म्हणाली आणि पडदे धुवायला घेतले.

चार्जर मी काढून ठेवला होता. ताई बाहेर दोरीवर पडदे वाळत घालत होती आणि मी आतून बघत होते. तिने हात वर केले की आकडा एकाने उतरायचा. शेवटचा जड पडदा तिने पिळून टाकला तेव्हा तो एकदम तीनने उतरला. मग ती पायरीवर बसली, पदराने गळा पुसला आणि आकडा परत दोनने वर आला.

बॅटरी उतरते. चार्जर नसताना आपली आपण चढत नाही, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगते. करंट मोजणारा तुकडा खराब असेल म्हणून मी तो बदलला. दुसराही तसाच वागला. मग तारेभोवती चिमटा-मीटर लावला. त्याचा काटा जागचा हलेना. तारेतून काही जात नव्हतं, काही येत नव्हतं, आणि भिंतीवरचा आकडा मात्र बारीक बारीक वर-खाली होत होता.

"ताई, जरा उठून चाल गं."

"का?"

"चाल ना."

ती चालली. मी मीटरकडे पाठ केली आणि सामान आवरायला लागले. खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं.

ज्याच्याकडून बॅटरी घेतली त्या विक्रेत्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तो म्हणाला, "मीटरवर कसला भरवसा ठेवता? दम काढून बघा." म्हणजे बॅटरीला मोठा बोजा लावायचा, पार रिकामी होऊ द्यायची आणि किती टिकते ते बघायचं. नव्या बॅटरीची खात्री करायची तीच रीत आहे आणि मी ती शेकडो वेळा वापरली आहे. मी ट्रेलरमध्ये दोन हीटर लावले, दार उघडं टाकलं आणि बाकीच्या कामांना लागले. ताई वर्कशॉपच्या मागच्या खोलीत भावजींबरोबर नकाशा पसरून बसली होती. आधी समुद्र की आधी डोंगर यावरून त्यांची जुंपली होती.

थोड्या वेळाने मागचा आवाज बंद झाला. भांडण मिटलं असेल असं मला वाटलं.

मग भावजींनी मला हाक मारली. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ताई खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसली होती. खांदे कानापर्यंत चढले होते. ओठांचा रंग गेला होता. मशीन भिंतीतल्या विजेवर सुरू होतं, नळी नाकाला होती, ऑक्सिजन येत होता. तिला तो पुरत नव्हता. भावजी तिची पाठ चोळत होते आणि फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगताना वर्कशॉपच्या गल्लीचं नाव विसरले होते. मी फोन हिसकावून पत्ता सांगितला.

"ठिणगे," ताई म्हणाली. पुढचा शब्द तिला निघाला नाही.

मी धावले. कुठे धावतेय हे मला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. बहीण गुदमरत असताना मी बॅटरी बघायला चालले होते.

ट्रेलरमध्ये भट्टीसारखं तापलं होतं.

आकडा होता सात.

मी बघत असतानाच तो सहा झाला. राखणदार सर्किट कितीवर तोडतं ते मला तोंडपाठ होतं.

पाच.

मी दोन्ही हीटरच्या तारा ओढून फेकल्या. चार्जरची वायर हातात सापडेना, सापडली तर भोकात बसेना.

चार.

चार्जरचा पंखा घरघरला.

मी मीटरसमोर गुडघ्यांवर बसले. चार. चार. चार. मग पाच.

मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. ओला, मोठा, चांगला खोकला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

अँब्युलन्स आली तोवर आकडा चाळिशीत होता आणि ताई पाणी पीत होती. नर्सबाईंनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती तपासली, हवं तर दवाखान्यात चला म्हणाल्या. ताईने नको म्हणून मान हलवली. त्या जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घाबरून जाऊ नका हं. असा झटका येतो कधीकधी. आता त्या हळूहळू भरतायत." भरतायत, असाच शब्द त्यांनी वापरला.

त्या गेल्यावर मी ट्रेलरमध्ये जाऊन ती पट्टी काढायचं ठरवलं. साधी चिकटपट्टी, माझ्याच हाताने लावलेली. नखाने तिचं एक टोक उचललं.

मागच्या खोलीतून ताईचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला.

मी टोक खाली दाबलं. अंगठ्याने घासून घासून चिकटवलं. वरून पारदर्शक टेप लावला, त्यावर आणखी एक. त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करणं सोडून दिलं आणि फक्त देखभाल करते.

देखभाल मला येते. भावजींकडून मी सगळं घोटून घेतलंय. ऐंशीच्या खाली जाऊ द्यायची नाही, छपरावरची सौर पाटी रोज पुसायची, थंडीच्या ठिकाणी पेटीत उबेची गादी घालायची, मुख्य खटक्याला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. बसमधल्या पोरांना जसे मोजायचे तसे ते दिवसातून कितीतरी वेळा आकडा मोजतात. समुद्र झाला, डोंगर झाले. ऑक्सिजनचं मशीन बाकाखाली धूळ खात पडलंय. डोंगराच्या वाटेवरून भावजींचा फोन आला तेव्हा ते धापा टाकत होते. "तुझी बहीण वर पोचली," म्हणाले, "आणि मी पहिल्याच वळणावर बसलोय." मी इतकी हसले की पोटात दुखलं. किती वर्षांनी आम्ही असं हसत होतो.

काळजी एकच उरली होती. लिथियम झाली तरी बॅटरीच ती, म्हातारी होणार. सतत काठोकाठ भरलेली ठेवली तर जरा लवकरच होणार. मी बराच विचार केला आणि शेजारी दुसरी बॅटरी जोडायची ठरवली, म्हणजे ओझं वाटलं जाईल आणि पहिली निदान दुप्पट टिकेल. पहिली क्षणभरही न सोडवता ते करता येतं. फक्त दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि जवळपास एकाच वयाच्या हव्यात. नवी आणि वापरलेली अशी जोडी लावली की दोन्ही बिघडतात. तेव्हा मला थोडी वापरलेलीच हवी होती.

विक्रेत्याने दोन दिवसांत शोधून दिली. अगदी तीच, त्याच खेपेतली. "एकाच घरात होती, श्वासाच्या मशीनला जोडलेली," तो म्हणाला. "त्यांना आता गरज नाही, म्हणून घरच्यांनी परत केली." मी तपासली, उत्तम होती. दोन्ही एका पातळीवर भरून घेतल्या आणि ताईचा हात भावजींच्या हातात देऊन तारा जोडल्या. काही झालं नाही. ताईने जांभई दिली, एवढंच. आकडा शंभरावर असा स्थिर बसला की मी पुन्हा रडणार होते. परतताना गाडीत गाणं म्हणत आले.

काल दुपारी ताईचा फोन आला. आवाज भरदार, तरुणपणी होता तसा. जेवून जरा आडवी झाले होते म्हणाली, भावजी खाली तळ्यावर गेलेत, शेपटात मी एकटीच. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, "त्या दुसऱ्या बॅटरीला आवाज असतो का गं?"

"नाही. कसला आवाज?"

"श्वासाचा. मी सोडला की ते घेतं. ते सोडतं तेव्हा मी घेते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, भीती नाही वाटत," ताई म्हणाली. "सोबत वाटते. फक्त मी मध्येच थांबले की तेही थांबतं, आणि मग मीच आधी घ्यायची वाट बघतं."