चाळीस हात उरले

वाघदऱ्याच्या कड्यातल्या गुहेत तुतारी फुंकायची, एवढ्याचसाठी १९७४च्या माघात तिघेजण तळेगावहून निघाले. रंगरावाचे वडील जत्रांमधून तुतारी वाजवत. त्या गुहेतून एकदा फुंकायची राहून गेली, असं ते जाताना म्हणाले होते. आज त्यांचं वर्षश्राद्ध. सोबतीला पिंपरीच्या कारखान्यातला जोडीदार, कॉम्प्रेसरचा फिटर कोंडीराम, आणि वाट दाखवायला म्हातारा मालोजी.

करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडत दुपारपर्यंत घळ सरली आणि उघडा कातळ लागला. खोबणीत बोटं, पाठीशी दरी! गुहा चाळीस हात वर उरली तेव्हा ते कातळातल्या एका अरुंद पट्टीवर टेकले. वर जाऊन फजिती नको म्हणून रंगरावाने तुतारी तोंडाला लावली. सूर निघेना. वर्षभर माळ्यावर पडून आत धूळ बसली असेल, असं म्हणत त्याने दम कोंडून फुंकली. पुन्हा फुंकली. डोळे बाहेर यायची वेळ आली तरी गडी ऐकेना. काम अडलं की जोर लावायचा, ही कारखान्याची खोड.

एकदम त्याने छाती धरली. कळ गळ्यापर्यंत गेली. श्वास अडला. बघता बघता मान फुगली, आवाज नाकातून येऊ लागला. गांधीलमाशी डसली असेल म्हणून मालोजीने चुन्याची डबी काढली; पण डंख कुठेच दिसेना. कोंडीरामने मानेवर बोट दाबलं. कातडीखाली करकर वाजलं, कोरडा भुसा दाबावा तसं. दहा वर्षं त्याने हवेच्या नळ्याच हाताळल्या होत्या.

"ही सूज न्हाई, राव. हवा हाय. आत कुठंतरी गळतंय."

रंगरावाने हात जोडले. एकदाच वर जाऊन फुंकू दे, मग मेलो तरी चालेल, असं तो विनवत राहिला. कोंडीरामलाही भरून आलं; पण गळक्या नळीवर दाब कोण वाढवतो? त्याने तुतारीचं फुंकायचं टोक उपसून खिशात घातलं.

"आता उतरायचं. खोकू नगं, कुंथू नगं."

उतरणं चढण्याहून अवघड! रंगरावाचा पाय सटकला. तिघांच्या कमरेला बांधलेला दोर ताणला. मालोजीने झाडाचं मूळ गच्च धरलं. निभावलं! घळीखाली घोंगडीची झोळी करून दोघांनी त्याला पायथ्याच्या गावापर्यंत आणि तिथून बैलगाडीने तळेगावच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी उलटी झाली होती का, गिळताना दुखतं का, ते आधी विचारलं. दोन्ही नव्हतं, म्हणजे अन्ननलिका शाबूत होती. एक्स-रेत हृदयाच्या कडेने हवेची काळी रेघ दिसली. फुफ्फुसातला बारीकसा फुगा फुटून हवा छातीच्या मधल्या पोकळीत शिरली होती. चिरफाड नको, ऑक्सिजन आणि विश्रांती. हवा आपसूक जिरेल, असं त्या म्हणाल्या. तुतारी मात्र आता जन्मात नाही.

पाचव्या दिवशी मानेचा फुगवटा उतरला. बापाचं एवढंसं काम हातून झालं नाही, म्हणून रंगराव भिंतीकडे तोंड करून रडत होता. कोंडीरामला राहवेना. त्याने ते पितळी टोक त्याच्या तळहातावर ठेवलं. रंगरावाने ते सदऱ्याला पुसलं, ओठांपर्यंत नेलं, आणि परत दिलं.

"तुझ्याकडंच ठेव, कोंडीराम. माझ्याकडं राहिलं तर मी फुंकीन."