टायरवरचा बाण

"मी स्वस्त टायर विकतो, आत्या. खोटे विकत नाही."

टायरवाला खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. समोरचा चहा निवून गेला होता.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे. खाजगी तपासाचं काम करणारी बाई; हे नाव तिला अशिलांनीच चिकटवलं होतं. शेजारी मास्तर होते. आयुष्यभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले, आत्याच्या प्रत्येक तपासात सोबत आणि प्रत्येक तपासात एक पाऊल मागे.

"पहिल्यापासून सांगा," आत्या म्हणाली.

हकिगत अशी होती. बेकरीवाल्याने हौसेनं एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. तिला टायर हवे होते वेगाला पुरे पडणारे, पण खिशाला झेपणारे. "नावावर पैसे घालू नका, रबर किती मऊ ते बघा," असं म्हणून टायरवाल्याने मधल्या किमतीचे चार टायर निवडून दिले. क्लबच्या शर्यतीत, कोरड्या रस्त्यावर, बेकरीवाला पहिला आला. पुढे पहिल्याच ओल्या सकाळी तीच गाडी वळणावर घसरली आणि कठड्यावर आदळली. बेकरीवाल्याचं मनगट मोडलं.

"आज संध्याकाळी क्लबची बैठक आहे. मी कचरा गळ्यात मारला असं तो सगळ्यांना सांगणार. ही माणसं माझ्या शब्दावर टायर घेतात हो. शब्द गेला की दुकानाला कुलूप."

"गाडी पाहिलीत?"

"फाटकाच्या आत घेत नाही मला."

"टायर कोणत्या जातीचे?"

"एका दिशेनं फिरणारे. बाजूवर बाण असतो, गाडी पुढे जाताना चाक बाणाच्या दिशेनं फिरायला हवं. उलटं बसलं तर कोरड्यात पत्ता लागत नाही. ओल्यात मात्र खाचा पाणी बाहेर फेकायचं सोडून चाकाखाली गोळा करतात."

बेकरीवाल्याच्या घरामागे गाडी उभी होती, एक दिवा फुटलेली. आत्या सरळ चाकापाशी बसली. मास्तर गुडघ्यांना दोष देत वाकले.

चारही बाण उलटे होते.

"बघा!" बेकरीवाला प्लास्टरमधला हात हलवत ओरडला. "बसवतानाच माती खाल्ली त्यानं!"

आत्याने टॉर्चचा उजेड पाडून चाकांच्या आतल्या बाजू पाहिल्या. डाव्या दोन्ही चाकांवर तेलकट पिवळ्या खडूनं "उ" लिहिलं होतं, उजव्या दोन्हींवर "डा". तिने मास्तरांना ते दाखवलं आणि फाटकाबाहेर गेली. टायरवाला तिथे घाम पुसत उभा होता.

"पिवळा खडू तुमचा?"

"माझाच. चाक गाडीला चढवून झालं की आतून खूण करतो. डाव्या बाजूला डा, उजव्या बाजूला उ. पुन्हा काढावं लागलं तर अदलाबदल नको."

"बाण उलटे आहेत," आत्या म्हणाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "चारही? माझ्या हातून?"

आत्या पुन्हा घराकडे वळली.

स्वयंपाकघरात बेकरीवाल्याची बायको भांडी आपटत होती.

"गाडी? सवत म्हणा! मला ताप होता तेव्हा हा माणूस घोरत पडला. टायर आले त्या रात्री मात्र दोनदा उठून बघून आला, जसं काही बाळ रडतंय."

"तुम्ही कधी चाकाला हात लावलात?"

"फुंकरसुद्धा घातली नाही. आणि शर्यतीनंतर तर आम्ही दोघं माझ्या आईकडे होतो. घराच्या नि गाडीच्या किल्ल्या ताईच्या घरी ठेवल्या होत्या. परत आलो, दुसऱ्याच सकाळी रस्ते ओले, आणि ह्यांनी गाडी काढली."

"ताईचे यजमान काय करतात?"

"भावोजींचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांचीही हीच गाडी, निळी. दोघा साडूंनी एकदमच घेतल्या, आणि एकदमच डोकी फिरवून घेतली."

स्टुडिओबाहेर निळी गाडी उभी होती, भारी नावाच्या महागड्या टायरांवर. आत एक कुटुंब पडद्यापुढे बसलं होतं.

"आजी, उजवीकडे सरका. अहो, उजवीकडे!"

आजी आपल्या उजवीकडे सरकल्या आणि नातीच्या मांडीवर बसल्या.

"माझ्या उजवीकडे हो! या खोलीत उजवी बाजू एकच, माझी," फोटोग्राफर म्हणाला. सगळे हसले. तो नाही हसला.

कुटुंब गेल्यावर आत्याने विषय काढला. त्याने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

"माझ्या टायरांच्या किमतीत त्याचे दोन जोड येतील. तरी पहिला तो! सासरे भर पंगतीत म्हणाले, धाकट्या जावयाला पारख आहे. मला घास गिळवेना."

"साडूंशी बोलणं होतं?"

"शर्यतीपासून बंद."

"त्यांच्या गाडीत बसलात कधी?"

"जन्मात नाही. बोलावलं तरी बसणार नाही."

"टायर मात्र टाकाऊच म्हणायचे."

"टाकाऊ नाहीत," तो चटकन म्हणाला. "वळणावर धरून राहतात. स्टिअरिंगवरच्या हाताला रस्ता कळतो."

आत्या उठली. "बैठकीआधी साडूंच्या घरी या. ताईंनाही आणा."

दुपार कलताना बेकरीवाल्याच्या दिवाणखान्यात सगळे जमले. टायरवाला दाराशीच उभा राहिला.

"बाण उलटे होते," आत्याने सुरुवात केली. "पण टायरवाला चाक चढवल्यावर खूण करतो. तो चुकला असता, तर बाण उलटे असूनही डावीकडे डा आणि उजवीकडे उ सापडला असता. इथे उ डावीकडे आहे. म्हणजे चाकं नंतर कुणीतरी काढली."

टायरवाल्याने डोळे मिटले, जणू देवापुढे उभा होता.

"घात करायला काढली!" मास्तर म्हणाले.

"घात करणाऱ्याने आधी खडू पुसला असता, मास्तर. ह्यानं खूण वाचून, जपून चाकं लावली. फक्त गाडीच्या तोंडापुढे उभं राहून वाचली. समोरून पाहणाऱ्याची उजवी ती गाडीची डावी. ड्रायव्हरच्या अंगानं विचार करणारा असं करत नाही. दिवसभर माणसांसमोर उभा राहून त्यांना आपल्या उजवीकडे सरकवणारा करतो."

सगळ्यांच्या माना फोटोग्राफरकडे वळल्या.

"पुरावा काय?" तो पुटपुटला.

"तुमचा हात. साडूंशी बोलणं बंद, त्यांच्या गाडीत कधी बसला नाहीत. मग त्या टायरांवर हाताला रस्ता कळतो, हे कुणी सांगितलं? तुम्ही त्यांच्या गाडीत बसला नाहीत, पण त्यांची चाकं तुमच्या गाडीला लावून फिरलात. किल्ल्या तुमच्याच घरी होत्या. रस्ता कोरडा होता, म्हणून उलटे बाण तुम्हालाही कळले नाहीत."

फोटोग्राफर बसल्या जागी खचला.

"मला एवढंच बघायचं होतं, की जिंकतंय काय, ह्याचा हात की टायर. टायर निघाले असते तर मला बरं वाटलं असतं."

"मग?" बेकरीवाल्याने विचारलं.

"टायरच निघाले. तरी बरं वाटलं नाही." त्याने प्लास्टरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तुझा जीव गेला असता रे. शपथ घेऊन सांगतो, हे मनात नव्हतं."

ताईने पदर डोळ्यांना लावला. बेकरीवाला म्हणाला, "मागितली असतीस तर दिली असती चाकं."

"मागायलाच तर जीभ रेटत नव्हती."

आत्याचा आवाज मऊ झाला. "मत्सर माणसाला आधी आंधळा करतो, आणि मग दुसऱ्याला पाडतो. झालं ते झालं. पण ह्या दाराशी उभ्या माणसाचं काय?"

बैठकीत फोटोग्राफर स्वतः उभा राहिला. त्याने काही लपवलं नाही. बोलताना दोनदा अडखळला, दोन्ही वेळा बेकरीवाल्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. मग बेकरीवाल्याने सगळ्यांदेखत टायरवाल्याची माफी मागितली.

बाहेर आल्यावर फोटोग्राफरने टायरवाल्याला गाठलं. "उद्याच माझे महागडे काढा. साडूला दिलेत तसलेच बसवा. पैसे म्हणाल तितके."

टायरवाल्याने निळ्या गाडीपाशी बसून चारही टायरांवरून बोटं फिरवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज ठाम होता.

"ह्यांच्यात अजून पुष्कळ जीव आहे, साहेब. झिजू द्या. मग या."